टेम्सकाठचा उंटस्वार गंगा रिसाल्याचा नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरतो. लंडनमधली बाग, मागे झाडं, दगडी चौथऱ्यावर ब्राँझचा उंट आणि उंटावर सैनिक. खालच्या मजकुराचा गोषवारा असा: हा पुतळा बिकानेर संस्थानच्या गंगा रिसाल्यातल्या जवानाचा आहे. याच उंटदळाने पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, आज इस्रायलमध्ये असलेलं हैफा जिंकलं आणि दिल्लीची तीन मूर्ती याच दलाची आहे. तलवारी उपसून, उंट दौडवत त्यांनी तुर्कांच्या तोफा काबीज केल्या. त्यांच्या उंटांना पंधरा-पंधरा दिवस पाणी लागत नसे. इंग्रजांनी पुतळा उभारला, पण भारतीयांचा उल्लेख मात्र कुठे केला नाही. शेवटी नेहमीचं, ‘प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा’.

फोटो खरा आहे, गंगा रिसाला खरा, हैफाही खरं. या तिन्हींची मोट बांधली आहे ती तेवढी खोटी. त्यात गंमत अशी की स्मारकाशी ज्या भारतीयांचा खरोखर संबंध आहे, त्यांचं नाव या मजकुरात कुठेच नाही.

पुतळा कोणाचा?

हे ‘इम्पीरियल कॅमल कोअर’चं स्मारक. लंडनच्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंट बागेत, एम्बँकमेंट स्टेशनातून बाहेर पडलं की दोन-तीन मिनिटांवर. बाहेरचा रस्ता ओलांडला की नदीच्या कठड्याला इजिप्तहून आणलेला ‘क्लिओपात्राची सुई’ नावाचा स्तंभ आहे. उंटस्वाराला शेजार तेवढा नेमका मिळाला म्हणायचा. पोर्टलंडच्या दगडाचा चौथरा, वर ब्राँझचा उंटस्वार, चौथऱ्याच्या अंगाला ब्राँझची उठावशिल्पं. उंट खऱ्या मापाचा नाही, बराच लहान आहे. खालून कॅमेरा लावून काढलेल्या फोटोत तो अवाढव्य दिसतो, आणि प्रत्यक्ष गेलेली माणसं तो शोधत त्याच्याच शेजारून पुढे जातात. शिल्पकार सेसिल ब्राउन स्वतः या दलात होता, त्यामुळे उंटाची बैठक आणि मानेचा बाक पुस्तकातून उचललेला वाटत नाही.

अनावरण २२ जुलै १९२१ ला झालं. साम्राज्य परिषदेसाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे पंतप्रधान तेव्हा लंडनमध्येच होते, ते दोघेही हजर होते. अनावरण केलं सर फिलिप चेटवुड यांनी. सिनाईत वाळवंटी फौजेचं नेतृत्व केलेला हा सेनापती पुढे १९३० ते १९३५ भारताचा सरसेनापती होता. देहरादूनच्या सैनिकी अकादमीतला चेटवुड हॉल त्यांच्याच नावाचा.

घोटाळ्याचं मूळ एका शब्दात आहे: ‘इम्पीरियल’. संस्थानिकांनी इंग्रजांसाठी उभ्या केलेल्या फौजांना ‘इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्स’ म्हणत. बिकानेरचं उंटदळ त्यातलंच, १८८९ मध्ये उभं राहिलेलं, महाराजा गंगासिंहांच्या नावाचं. ‘इम्पीरियल कॅमल कोअर’ ही वेगळी चीज. ती जानेवारी १९१६ मध्ये इजिप्तमध्ये उभी राहिली, पश्चिमेकडच्या वाळवंटात सेनुसी टोळ्यांशी लढायला. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेहून परतलेले ऑस्ट्रेलियन त्यात आधी भरती झाले, मग ब्रिटिश आणि न्यूझीलंडचे. डिसेंबर १९१६ मध्ये त्यांची ब्रिगेड झाली आणि पुढे ती चार बटालियनची झाली: पहिली आणि तिसरी ऑस्ट्रेलियन, दुसरी ब्रिटिश, चौथी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून. बिकानेरचं दळ या ब्रिगेडचा भाग नव्हतं.

शब्दांची चर्चा नको असेल तर चौथरा वाचावा. त्यावर साल आहेत १९१६, १९१७, १९१८, आणि सालागणिक लढायांची नावं: रोमानी, मगधबा, रफा, गाझा, बीरशेबा, अम्मान, मुदव्वरा आणि आणखी काही. गंगा रिसाल्याची या मोहिमेतली गाजलेली कामगिरी त्याआधीची आहे. २० नोव्हेंबर १९१४ ला सिनाईत कतियाजवळ बीर अन्-नुस इथे त्यांच्या वीसेक जणांच्या टेहळणी तुकडीवर दोनेकशे बेदुइन अरबांनी हल्ला केला. फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्कांनी सुएझ कालव्यावर चाल केली तेव्हाही बिकानेरचे स्वार तिथेच होते. १९१४ आणि १९१५ ही साल चौथऱ्यावर नाहीत. ज्या दलाचा जन्मच १९१६ चा, त्याच्या दगडावर ती असतील कशी?

तो ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आहे का?

हे आपल्याकडच्या मजकुरात नसतं, पण फोटोखालच्या प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी हमखास लिहितं, म्हणून चार ओळी. नाही. कॅमल कोअरच्या दोन कंपन्या, साधारण तीनशे माणसं, मेजर बक्स्टनच्या हाताखाली सुएझकडून अकाबामार्गे तुर्कांच्या हेजाझ रेल्वेवर गेल्या आणि ८ ऑगस्ट १९१८ ला त्यांनी मुदव्वरा स्टेशन घेतलं. लॉरेन्स, म्हणजे अरबांच्या बाजूने लढून गाजलेला इंग्रज अधिकारी, अकाबापासून रमच्या खोऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर होता. मुदव्वराच्या हल्ल्यात नव्हता. शिवाय तो वारला १९३५ मध्ये, आणि स्मारक १९२१ चं. वर बसलेला स्वार कोणा एकाचा पुतळा नाही, दलातला कुठलाही शिपाई आहे.

हैफा आणि तीन मूर्ती

मजकुरातली ही सर्वांत ढोबळ चूक, आणि ती सुधारायला एक तारीख पुरते. हैफा पडलं २३ सप्टेंबर १९१८ ला. कॅमल ब्रिगेड त्याआधीच, जून-जुलै १९१८ मध्ये मोडली होती. ऑस्ट्रेलियन उंटस्वारांना घोडे देऊन त्यांच्या १४ व्या आणि १५ व्या लाइट हॉर्स रेजिमेंट केल्या, न्यूझीलंडवाल्यांचं मशिनगन स्क्वाड्रन झालं. ब्रिटिशांच्या थोड्या कंपन्या तेवढ्या उरल्या होत्या.

हैफा घेतलं ते १५ व्या इम्पीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेडने. ‘इम्पीरियल’ हा शब्द पुन्हा आलाच. जोधपूर लान्सर्स आणि म्हैसूर लान्सर्स, घोड्यांवर, हातात भाले. जोधपूरचे मेजर दलपतसिंह तिथे पडले. दिल्लीचं तीन मूर्ती स्मारक १९२२ चं, शिल्पकार लिओनार्ड जेनिंग्ज, आणि तीन पुतळे म्हणजे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांचे सैनिक. तिघेही जमिनीवर उभे आहेत. तिथे उंट नाही आणि बिकानेरही नाही. दिल्लीत राहणाऱ्या माणसाने हा मजकूर पुढे ढकलण्याआधी चौकातून एक फेरी मारली असती तरी भागलं असतं. २०१८ पासून चौकाच्या नावातच ‘हैफा’ आहे.

तलवारी उपसून उंटांची दौड

कॅमल कोअरच्या शिपायाकडे तलवार नव्हती. लष्करी भाषेत ही माणसं घोडदळ नव्हती, वाहनावर बसणारं पायदळ होती. .३०३ ची ली-एनफील्ड रायफल, संगीन, काडतुसांचा पट्टा, आणि तुकडीला लुईस गन, म्हणजे हलकी मशिनगन. उंटाचं काम त्यांना लढाईच्या तोंडाशी आणून सोडायचं.

असं का, ते उंट जवळून पाहिला की कळतं. घोडा माणसाच्या मांड्यांच्या पकडीत असतो, टाच मारली की वळतो. उंटावर माणूस मदारीच्या वर, जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंच, लाकडी चौकटीच्या पलाणावर बसलेला. उंट दुडक्या चालीने तासाला दहा किलोमीटर आरामात जातो, पण ती चाल खांद्यापासून ढुंगणापर्यंत सगळं हलवते. वर बसून नेम धरणं अशक्य. त्यात तो पल्लेदार रायफलला भिंतीएवढं निशाण. म्हणून गोळीच्या टप्प्याबाहेर एखाद्या टेकाडाआड उंट बसवायचे, दुमडलेला पुढचा पाय गुडघ्यापाशी दोरीने बांधायचा आणि पायी पुढे जायचं.

या बांधण्यात उंटदळाचा एक फायदा होता, तो लढायांच्या वर्णनांत सहसा येत नाही. घोडदळ पायउतार झालं की चारांतला एक जण घोडे धरून मागे थांबतो. बंदुकांचा चौथा हिस्सा तिथेच कमी होतो. पाय बांधून बसवलेले उंट पळत नाहीत, गोळीबारात बिथरतही नाहीत, रवंथ करत बसतात. बऱ्याच उंटांवर एका माणसाची नजर पुरते. त्यामुळे तेवढ्याच माणसांतून उंटदळाच्या जास्त बंदुका पुढे जायच्या. मगधबाला (२३ डिसेंबर १९१६) आणि रफाला (९ जानेवारी १९१७) हेच झालं. एप्रिल १९१७ च्या दुसऱ्या गाझा लढाईत एका तुर्की मोर्च्यावर एका रणगाड्याच्या मागोमाग गेलेले ऑस्ट्रेलियन ‘उंटस्वार’ असेच पायी होते.

दौडत जाऊन हल्ला केल्याची जी गोष्ट मजकुरात उंटांना चिकटवली आहे ती बहुधा बीरशेबाची. ३१ ऑक्टोबर १९१७, चौथी आणि बारावी ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्स. घोडे होते, आणि हातात संगिनी. भाला-तलवार त्यांच्याकडेही नव्हती.

आपल्याकडे हे नवीन वाटायचं कारण नाही. पेशवाईतला सांडणीस्वार निरोप्या होता, लढवय्या नव्हे. सांडणी लांब पल्ल्याला चिवट, म्हणून टपाल तिच्या पाठीवर. पानिपतावर अब्दालीच्या उंटांच्या पाठीवर जंबुरके होती, छोट्या फिरत्या तोफा. तीही उंट बसवून डागायची पद्धत होती. धावत्या उंटावरून युद्ध हा सिनेमाचा प्रांत.

पंधरा दिवस पाण्याशिवाय

उंट पाण्याशिवाय घोड्यापेक्षा खूप जास्त तग धरतो, यात वाद नाही. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. उंट पाणी वाचवतो ते घाम उशिरा आणून, लघवी घट्ट करून आणि शरीराचं तापमान दिवसा चढू देऊन. वजनाच्या पाव हिश्श्याएवढं पाणी गमावूनही तो उभा राहतो आणि मग दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर ओढू शकतो. पण हिवाळ्यात ओला पाला चरणारा मोकळा उंट आणि भर उन्हात माणूस, खोगीरसामान, दाणा, पाणी, काडतुसं वाहून रोज तीस-चाळीस किलोमीटर चालणारा लष्करी उंट, यांची बरोबरी होत नाही. कामाच्या उंटाला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पोटभर पाणी द्यावंच लागतं. चार-पाच दिवसांवर ताण गेला की तो आधी दाणा सोडतो, मग चाल सोडतो, आणि एकदा बसला की उठत नाही.

पाजायचं म्हणजे काय, त्याचा हिशोब करून पाहा. हजार उंट, प्रत्येकी पन्नास लिटर धरले तरी पन्नास हजार लिटर. सिनाईतल्या विहिरी उथळ आणि खारट. कापडी हौदांवर एका वेळी वीस उंट उभे केले आणि प्रत्येक फेरीला पंधरा मिनिटं धरली, तर पन्नास फेऱ्या, म्हणजे साडेबारा तास. तेवढा वेळ शत्रूच्या विमानांना दिसत उघड्यावर थांबायचं. घाई करून अर्धवट पाजलेला उंट दुसऱ्या दिवशी कूच करताना मागे पडतो. म्हणूनच इंग्रजांची फौज सिनाईत उंटाच्या चिवटपणावर विसंबली नाही. सुएझ कालव्यावरच्या कंटारापासून तिने रेल्वे आणि पाण्याचा नळ टाकत नेला, आणि तो जिथवर गेला तिथवरच मोठी मोहीम सरकली.

पाण्याआधी उंट हातचा जातो तो पाठीमुळे. खुराक कमी पडला की मदारीची चरबी उतरते, मदार एका अंगाला कलते. पलाण मात्र तेच, भरल्या मदारीच्या मापाचं. मग लाकडी कमान कण्यावर टेकू लागते, तंग आवळला की अजून रुतते, आणि दोन दिवसांत हाताच्या पंजाएवढी जखम. उपाय साधा आहे, पण रोजचा: पलाण उतरवून पाठीवरून हात फिरवायचा, केस विस्कटलेला किंवा गरम लागणारा भाग सापडला की तिथल्या गादीतलं भरण काढून खड्डा करायचा आणि कमानीच्या दोन्ही बाजूंना भरण वाढवायचं. जे हे करत नाहीत त्यांचे उंट वाळवंट नव्हे, पशुवैद्यकाचा तळ भरतात. जोडीला खरूज. ती एका उंटाला झाली की पलाणाखालच्या कापडांतून कळपभर होते.

आणि चिखल. उंटाचा पाय मऊ गादीचा, वाळूवर पसरणारा. ओल्या उतारावर तो सरळ घसरतो. मार्च १९१८ च्या अखेरीस अम्मानवर पहिला छापा घातला तेव्हा पाऊस लागला होता. जॉर्डनच्या खोऱ्यातून डोंगरावर चढणाऱ्या पायवाटांवर उंट पाय फाकून पडत होते, माणसं ओढत होती. ब्रिगेड मोडण्याचं मुख्य कारण हेच. वाळू संपली, डोंगर आले, तिथे घोडा बरा. शौर्य कमी पडलं वगैरे काही नाही. एप्रिलमध्ये जॉर्डन खोऱ्यातली मुसल्लबा टेकडी याच लोकांनी राखली, आणि तिला नावही पडलं ‘उंटाची मदार’.

भारतीयांचा उल्लेखच नाही

आहे, आणि तो दर्शनी बाजूच्या लेखात. इजिप्त, सिनाई आणि पॅलेस्टाइनमध्ये लढाईत, जखमांनी किंवा आजाराने मेलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि शिपायांच्या स्मृत्यर्थ, असं म्हणताना दलातली चार मंडळी सांगितली आहेत: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, भारतीय. मृतांची नावंही स्मारकावर आहेत.

हे भारतीय कोण? ब्रिगेडचा तोफखाना. त्याचं नाव ‘हाँगकाँग अँड सिंगापूर माउंटन बॅटरी’. नावात भारत कुठेच नाही, म्हणून आपल्या नजरेतून तो निसटतो. हाँगकाँग आणि सिंगापूरच्या बंदरांवरचा इंग्रजी तोफखाना चालवायला पंजाबातून शीख आणि मुसलमान भरती करत. त्यांचीच ही बॅटरी, सहा पहाडी तोफांची. दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोचा गोळा फेकणारी तोफ. नळी दोन तुकड्यांची, ऐनवेळी फिरकीने जोडायची. चाकं, गाडा, नळीचे भाग वेगवेगळे लादायचे. पहाडात हे काम खेचर करतं, इथे उंट.

खेचराची लादणी उंटावर जशीच्या तशी चालत नाही. ओझं दोन्ही अंगांना सारखं लागतं. नळीचा एक तुकडा डावीकडे आणि उजवीकडे काहीच नाही, असं झालं की पलाण फिरतं आणि उंट तोफेसकट आडवा. समोर बरोबरीचं वजन बांधावं लागतं, आणि उतरवताना दोन्ही बाजू एकाच वेळी सोडाव्या लागतात. सोडण्याआधी उंट बसवायचा, आणि गोळे येत असताना बसायला उंट कुरकुरतो. हे सगळं करून ही बॅटरी मगधबा आणि रफाला आघाडीच्या मागोमाग तोफा लावत होती. ऑस्ट्रेलियन तिला प्रेमाने ‘बिंग बॉइज’ म्हणत. मजकूर लिहिणाऱ्याला अभिमानच वाटून घ्यायचा होता तर हा मसाला हाताशी होता.

स्मारकावर खरोखर कोण नाही, हे विचारायचं तर उत्तर इजिप्तचे उंटवाले. पाणी, दाणा, जखमी, सगळं वाहणारी कॅमल ट्रान्सपोर्ट कोअर वेगळी होती. युद्धभरात सुमारे १ लाख ७० हजार इजिप्शियन उंटवाले तिच्यातून गेले, उंट ७२ हजारांच्या वर. उंटाच्या दोन अंगांना दहा-बारा गॅलनच्या दोन पत्र्याच्या टाक्या, म्हणजे शंभरेक लिटर पाणी, घेऊन ते पायी चालत. लढणाऱ्या दलाच्या स्मारकावर त्यांची नावं नाहीत. रिवाजाने नसतातच, पण तक्रार करायची तर ती इथे करा.

मराठी वाचकाला आपली माणसं या मोहिमेत होती का, असं वाटेलच. होती, पायदळात. १०५ वी मराठा लाइट इन्फंट्री लाहोर डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातून १९१८ मध्ये पॅलेस्टाइनला आली आणि सप्टेंबरच्या शेवटच्या चढाईत लढली. उंटांशी तिचा संबंध नाही.

मग गंगा रिसाल्याची नावं कुठे शोधायची

इजिप्त-पॅलेस्टाइनमध्ये मेलेल्या आणि कबर किंवा दहनस्थळाची नोंद नसलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९२६ मध्ये सुएझ कालव्याच्या दक्षिण तोंडाशी पोर्ट तौफीकला स्मारक उभारलं होतं. इजिप्त-इस्रायल लढायांत ते उद्ध्वस्त झालं. १९८० मध्ये ती जवळजवळ चार हजार नावं कैरोतल्या हेलिओपोलिस युद्ध दफनभूमीतल्या नव्या फलकांवर आली.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घेताना नेहमी अडतं ते तीन ठिकाणी. ‘बिकानेर’चं इंग्रजी स्पेलिंग जुन्या नोंदींत वेगवेगळं आहे, म्हणून रेजिमेंटच्या रकान्यात फक्त ‘गंगा’ किंवा ‘कॅमल’ टाकून पाहा. माणसाच्या नावाने शोधू नका, ‘सिंग’ टाकलं की हजारो निकाल येतात. आणि हाँगकाँग-सिंगापूर बॅटरीतले लोक हवे असतील तर ‘भारतीय फौज’ ही चाळणी आधी काढा. ती बॅटरी ब्रिटिश तोफखान्याच्या नावाखाली होती, चाळणी ठेवली की पंजाबी नावं यादीतूनच गळू शकतात. बॅटरीचं नाव आणि १९१६ ते १९१८ ही वर्षं एवढंच ठेवून शोधा.